सुगी वर्षाची, गोळी रोजची

आमच्या भागात एखाद्याची जमीन कशी गेली असं विचारलं, तर तीन उत्तरं ठरलेली असतात. लेकीचं लग्न, भाऊबंदकीची कोर्टकचेरी आणि दवाखाना. पहिल्या दोन्हींवर पुष्कळ लिहून झालंय. कथा झाल्या, वग झाले, सिनेमे निघाले. दवाखान्यात गेलेल्या जमिनीवर कुणी फारसं लिहीत नाही. दुखणं ही घरातली गोष्ट, ती चारचौघांत सांगायची नसते, असं आपल्याकडं मानतात. म्हणून तो हिशेब घराघरात दडून राहिला.

मी डॉक्टर नाही आणि इतिहासकारही नाही. अकरावीची मॅट्रिक बंद होऊन दहावीची परीक्षा सुरू झाली, त्याच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे १९७६ साली, मी दहावी पास झालो. त्यानंतर औत धरलं ते धरलंच. पण सीनेच्या काठच्या आमच्या गावानं दुखण्याची किंमत कशाकशात मोजली, ते तीन पिढ्यांचं मला ठाऊक आहे. काही आजीकडून ऐकलेलं, काही डोळ्यांनी बघितलेलं, आणि १९८१ पासूनचं माझ्या वहीत लिहिलेलं. बी, खत, पेंड, मजुरी यांच्याच रांगेत दवाखानाही त्या वहीत आहे. बायको म्हणते, असला हिशेब कुणी लिहून ठेवतं का? पण लिहिलं म्हणूनच आज चार गोष्टी खात्रीनं सांगता येतात.

आजीच्या काळात दुखण्याला रोख पैसा लागत नव्हता. बाळंतपण गावातली सुईण करायची. तिला पायली-दोन पायली ज्वारी, नारळ आणि चोळीचा खण. हाड मोडलं तर शेजारच्या गावचा हाडवैद्य बांबूच्या कामट्या बांधून द्यायचा, तो तर काहीच घेत नसे. पैसे घेतले की हाताचा गुण जातो अशी त्याची समजूत. बाजारच्या गावी नाडी बघणारा एक वैद्य होता, त्याच्याकडं वर्षभर पुड्या न्यायच्या आणि सुगीत त्याच्या घरी धान्य पोचतं करायचं. सुगी वर्षातून एकदा, म्हणून देणंही वर्षातून एकदा. देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही ते सोयीचं होतं.

आता काही म्हातारी माणसं म्हणतात, तेव्हा किती स्वस्ताई होती! स्वस्ताई होती हे खरं, पण माणूसही स्वस्तात जायचं. आजीला नऊ लेकरं झाली, त्यातली मोठी झाली ती चार. बाकीच्यांचं काय झालं असं विचारलं की ती बोटांवर मोजायची. एक देवीनं गेलं, दोन हगवणीनं, एक तापानं आणि एक जन्मताच. हे सांगताना तिचा आवाज हलत नसे, कारण आळीतल्या प्रत्येक घरात असाच हिशेब होता. तेव्हा ते दिवस परत यावेत असं मला कधी वाटलं नाही.

ते दिवस मागं पडले त्याचं पहिलं कारण सरकारी आहे, आणि ते फुकट होतं. माझ्या दंडावर देवीच्या लसीचे दोन गोल वण आहेत. पन्नाशीच्या पुढच्या बहुतेकांच्या दंडावर ते दिसतील. टोचणारा माणूस सायकलवर यायचा. बाया लेकरांना कणगीमागं लपवायच्या, तो शोधून काढून टोचायचा. त्यानं कुणाकडून दमडी घेतली नाही. १९७५ च्या मे महिन्यात देशातला देवीचा शेवटचा रोगी सापडला आणि १९७७ साली भारत देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. तसंच हिवतापाचं. फवारणीवाले यायचे, घरात डीडीटी मारायचे आणि दारावर तारीख लिहून जायचे. ताप आला तर रक्ताचा थेंब काचेवर घेऊन गोळ्या देऊन जायचे. फुकटाला किंमत नसते असं जो कुणी म्हणेल, त्याला मी दंड दाखवतो.

पण लस घेऊन जे टळत नव्हतं त्याला पैसा लागायला लागला, आणि तिथून आमच्या घरातले डाग बाहेर पडायला सुरुवात झाली. डाग म्हणजे दागिने, आमच्याकडं असंच म्हणतात.

माझ्या थोरल्या चुलत्याला, तात्याला, क्षय झाला. मी तेव्हा झोळीत होतो. त्या काळी आमच्या भागातलं अवघड दुखणं मिरजेला न्यायचे. वॉनलेस साहेबांचं मिशन हॉस्पिटल तिथं १८९४ पासूनचं, त्याचं नाव लातूरपर्यंत होतं. जायचं बार्शी लाईटनं. कुर्डुवाडीला ती छोटी गाडी धरायची आणि पंढरपूरवरून मिरज. गाडीत निम्मे वारकरी आणि निम्मे रोगी असायचे, असं आजी सांगायची. तात्याचं निदान तिथं झालं. पण क्षयाचं औषध एक दिवसाचं नव्हतं. महिनोन्‌महिने सुया आणि त्यावर गोळ्या, असं वर्ष-दीड वर्ष चालायचं. पहिल्या सहा महिन्यांत चुलतीची पुतळ्यांची माळ गेली, मग पाटल्या, मग आजीची नथ. तात्या वाचला. चुलती मात्र जन्मभर काळ्या पोतीवर राहिली, आणि तिनं त्याचा कधी उच्चार केला नाही.

ते औषध तेव्हा एवढं महाग का होतं, हे मला पुढं वर्तमानपत्रं वाचून कळलं. इंग्रजांच्या १९११ च्या पेटंट कायद्यावर आपण स्वातंत्र्यानंतरही चालत होतो. नवं औषध ज्या परदेशी कंपनीचं, ते दुसऱ्या कुणी इथं बनवायचं नाही आणि भाव तीच ठरवणार. १९६० च्या सुमारास अमेरिकेच्या सिनेटच्या एका समितीनं औषधांच्या भावांची चौकशी केली, तेव्हा भारतातले अँटिबायोटिकचे भाव जगातल्या सगळ्यांत जास्त भावांपैकी असल्याचं निघालं. म्हणजे गरीब देश आणि महाग औषध. सरकारनं १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना काढला, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. आणि १९७० साली नवा पेटंट कायदा झाला, तो २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला. त्यानं एक साधी गोष्ट केली. औषधावर मक्ता मिळणार नाही, ते बनवण्याच्या रीतीवर मिळेल. दुसऱ्या रीतीनं तेच औषध कुणी बनवलं तर बनवू दे. त्यानंतर आपल्याकडच्या कारखान्यांनी औषधं बनवायला घेतली आणि भाव उतरले.

१९७२ म्हटलं की आम्हाला दुष्काळ आठवतो. खडी फोडायला जाणारी माणसं, सुकडी, आटलेल्या विहिरी. त्याच साली दिल्लीत असा एक कायदा लागू झाला की ज्यानं पुढं आमचे डाग वाचवले, हे आमच्यातल्या कुणाच्या गावीही नव्हतं. पाऊस पडला नाही हे कळतं. कायदा झाला हे कळायला वीस वर्षं लागतात.

त्याच दुष्काळाच्या आगंमागं आमच्यापासून जवळ, जामखेडला, आणखी एक गोष्ट घडत होती. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं १९७० साली तिथं आलं. त्यांनी दवाखाना काढला, पण त्याहून मोठं काम केलं ते गावोगावच्या बायकांना शिकवण्याचं. ज्यांना अक्षर येत नव्हतं, ज्यांना गावात कुणी विचारत नव्हतं, अशा बायका बाळंतपण करायला, लेकरांची वजनं करायला, हगवणीला मीठ-साखरेचं पाणी द्यायला शिकल्या. माझी मावशी त्या भागात दिली होती. तिच्या गावातली अशी एक बाई घरी येऊन सांगायची, पाणी गाळून घ्या, उकळून घ्या, पोराला जुलाब झाले तर पाणी तोडू नका. आमच्याकडं उलटं चालायचं, हगवण लागली की पाणी बंद करायचे. आजीची दोन लेकरं त्यातच गेली असणार. चिमूटभर मीठ आणि मूठभर साखर, एवढीच त्यांच्या जिवाची किंमत होती. आरोळ्यांना १९७९ साली मॅगसेसे मिळालं आणि पुढं जगभरची माणसं जामखेड बघायला आली. सगळ्यांत स्वस्त औषध कुठलं, तर जे घ्यायची वेळच येत नाही ते, हे त्या बायकांनी दाखवून दिलं.

आता माझ्या वहीतला काळ. १९८० च्या सुमारास उजनीचं धरण झालं, भीमेकडच्या गावांना पाणी आलं, ऊस आला. आमच्या सीनेकडं ऊस कमी, पण दूधडेरी आली. हातात रोख पैसा फिरायला लागला तसे बाजारच्या गावी खाजगी डॉक्टर आले. सुरुवातीचे डॉक्टर उधारी ठेवायचे. एका जाड वहीत नाव, गाव आणि रक्कम. सुगी झाली की आम्ही जाऊन वही कोरी करून यायचो. माझ्या १९८४ च्या वहीत सबंध वर्षाचा दवाखाना २१५ रुपये आहे, आणि तो एकाच दिवशी भागवलेला आहे, ज्वारी विकल्याच्या दुसऱ्या दिवशी.

ही उधारी हळूहळू बंद झाली. त्याचा दोष मी एकट्या डॉक्टरला देत नाही. आधी डॉक्टरच औषध द्यायचा, तपासणीही तोच करायचा. मग मेडिकल वेगळं झालं, रक्त-लघवीची लॅब वेगळी, एक्स-रे, सोनोग्राफी वेगळी. एकाचं खातं पाच जणांत वाटलं गेलं आणि पाचही जणांना रोख लागायला लागली. आमचा पैसा मात्र सुगीलाच येत राहिला.

१९९१ सालच्या वैशाखात आण्णांचं, म्हणजे वडिलांचं, पोट फुगलं. आतड्याला पीळ पडला होता. शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात नेलं, तिथं आधी पाच हजार भरा, मग ऑपरेशन. रात्री अकराला पाच हजार कुठून आणायचे? गावातल्या एकानं शेकडा पाचनं दिले, म्हणजे शंभराला महिन्याला पाच रुपये व्याज. आण्णा वाचले. रविवारी आम्ही बैलजोडी घेऊन सांगोल्याच्या बाजारात गेलो.

वाचकांपैकी जे शहरातले आहेत त्यांना हे ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. वैशाखात, पेरणी महिन्यावर आलेली असताना, कुणी चांगली जोडी बाजारात आणत नाही. आणली की व्यापारी ओळखतात. पहिला प्रश्न विचारतात, घरात कोण आजारी आहे? दवाखान्याचा बैल, असा शब्दच आहे बाजारात. त्याचा भाव वेगळा. अकरा हजाराला मागितलेली आमची खिलार जोडी साडेसहा हजाराला गेली. दवाखान्याचं एकूण बिल ७,२०० झालं. पण माझ्या वहीत त्या दुखण्याची किंमत तेवढी नाही. बैलात गेलेले साडेचार हजार, व्याजाचे ९००, आणि बैल नाहीत म्हणून सावडीनं केलेली उशिराची पेरणी. उशिरा पेरलं ते कमी आलं. सगळं धरलं तर बिलाच्या दुप्पट जातं. दवाखान्याच्या कागदावर हा आकडा कधीच येत नाही. गरिबाचं दुखणं त्याला बिलापेक्षा जास्तीला पडतं ते असं. ज्याच्या बँकेत पैसे आहेत त्याला तेच ऑपरेशन ७,२०० लाच पडलं असतं.

आमच्या आळीत १९९० ते २०१० या वीस वर्षांत चार घरांची जमीन दवाखान्यापायी गेली. एकाची किडनी, एकाचा कॅन्सर, एकाचा अपघात, एका सुनेचं बाळंतपण अडलं. कुणी दारू प्यालं नव्हतं, कुणी उधळेपणा केला नव्हता. आज त्यातल्या दोन घरांतली पोरं ऊसतोडीला जातात.

मग २०१२ साल आलं. २ जुलैला आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली आणि २०१३ च्या नोव्हेंबरात ती सगळ्या राज्यात आली. पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डवाल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार, ठरलेल्या दवाखान्यांत, बिनपैशाचे. २०१७ साली तिला महात्मा फुल्यांचं नाव दिलं. पुढं २०२३ साली ही मर्यादा पाच लाख करायचं आणि सगळ्याच रेशनकार्डवाल्यांना घ्यायचं ठरलं. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. या योजनांना नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. कागदपत्रं लागतात, हेलपाटे होतात, खाट नाही म्हणून सांगतात, हे सगळं खरं आहे. पण मी दवाखान्याचा बैल विकलेला माणूस आहे. २०१४ साली माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या, हृदयात स्टेंट बसला आणि त्यासाठी आमच्या गोठ्यातलं एक दावंसुद्धा सुटलं नाही, हे मी बघितलंय. त्याबद्दल मी कुणाचंही ऋण मानायला तयार आहे.

पण पुढचं सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.

दादा घरी आला तो गोळ्यांची पिशवी घेऊन. रक्त पातळ राहायच्या गोळ्या, बीपीची, कोलेस्टेरॉलची, पोटाची. पहिल्या काही दिवसांच्या दवाखान्यातून मिळाल्या, त्यानंतरच्या विकत. महिन्याला १,६५० रुपये. ऑपरेशन एकदाच होतं, त्याला योजना होती. गोळी रोजची, तिला योजना नव्हती. दादाची दोन एकर जिरायत आणि दोन गाई. २०१५ ला पाऊस झाला नाही. ज्वारी पेरली ती उगवून करपली. चारा नाही म्हणून दिवाळीनंतर एक गाय विकली, संक्रांतीनंतर दुसरी. दुधाचा पैसा बंद झाला.

त्या उन्हाळ्यात, २०१६ च्या एप्रिलात, मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, ते तुम्हाला आठवत असेल. पंढरपूर, कुर्डुवाडी असा जुन्या बार्शी लाईटचाच तो मार्ग, आता रुंद झालेला. एके काळी त्या रस्त्यानं आमची माणसं औषधासाठी मिरजेला जात होती, आता मिरजेहून पाणी येत होतं. आम्ही पारावर बसून पेपरात ते वाचलं. दादाही होता. बोलला, हसला, कुणाला काही कळू दिलं नाही.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तो पहाटे गेला. छातीत कळ आली, गाडी यायच्या आधीच सगळं संपलं. दहावा झाल्यावर वहिनीनं त्याची पत्र्याची पेटी उघडली. त्यात गोळ्यांची पाकिटं होती. एक गोळी काढलेली, एक तशीच, एक काढलेली, एक तशीच. दिवसाआड घेत होता. महिन्याची गोळी त्यानं दोन महिने पुरवली होती. पाकिटावर पेन्सिलीनं तारखा घातलेल्या होत्या, मोठ्या काटेकोर. त्याचं मरण त्यानंच आलं असं मी छातीठोक म्हणत नाही. मी डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, ही गोळी चुकवायची नसते. एवढंच म्हणाले. त्यानं कुणाला विचारलं असतं तर आम्ही चौघांनी मिळून दिले असते. पण बैलासाठी उसने मागता येतात, ऑपरेशनसाठी मागता येतात. दर महिन्याला गोळीसाठी कोण मागणार, आणि किती वर्षं?

आमचं आजचं दुखणं हे असं आहे. आजीच्या काळात दुखणं यायचं आणि माणूस बरा व्हायचा नाहीतर जायचा. आता बीपी आणि शुगर आली की ती जन्माची सोबत. आमच्या आळीत साठीच्या पुढं एकोणीस माणसं आहेत, त्यातली अकरा रोज गोळी खातात. आमची मिळकत मात्र अजून सुगीच्याच चालीनं येते. ज्वारी फेब्रुवारी-मार्चला, ऊस ज्याचा असेल त्याचा हप्त्याहप्त्यानं, तूर जानेवारीत. नेमानं येतो तो फक्त दुधाचा पगार, दर दहा दिवसांनी. म्हणून आमच्याकडं गोळी ही गाईवर चालते. गाय आटली की गोळी आटते.

मग गोळीचा भाव कोण ठरवतं, हे बघायला पाहिजे. औषधांच्या भावावर सरकारचं नियंत्रण आहे, पण ते वर्षानुवर्षं कमी होत आलं. १९७९ च्या आदेशात ३४७ औषधं नियंत्रणाखाली होती. १९८७ ला १४२ राहिली, १९९५ ला ७४. तोवर निदान भाव ठरवताना बनवायला खर्च किती येतो ते बघत. २०१३ पासून यादी पुन्हा मोठी केली, अत्यावश्यक औषधं त्यात घेतली, पण रीत बदलली. आता बाजारात ज्या कंपन्यांचा खप एक टक्क्याच्या वर आहे, त्यांच्या भावांची सरासरी काढायची आणि त्यावर दुकानदाराचा नफा धरून कमाल भाव बांधायचा. यात बनवायचा खर्च कुठंच येत नाही.

शेतकऱ्यानं हे दोनदा वाचावं. आमच्या मालाचा हमीभाव ठरवताना सरकार खर्च मोजतं, बियाणं किती, मजुरी किती, खत किती. त्यावर वाजवी नफा द्या म्हणून आम्ही वर्षानुवर्षं रस्त्यावर बसतो. औषधाचा भाव ठरवताना मात्र खर्च विचारायचा नाही, विकणारे आज किती घेतात तेच विचारायचं. शिवाय यादीतल्या औषधांना दरवर्षी घाऊक महागाईप्रमाणं वाढ मिळते. एप्रिल २०२२ ला ती १०.७६ टक्के झाली आणि एप्रिल २०२३ ला १२.१२ टक्के. यादीबाहेरच्या औषधांना वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाढ करायची मुभाच आहे. कांद्याला असा कायदा असता तर!

सरकारनं मनावर घेतलं तर काय होतं, तेही दिसलेलं आहे. २००५ साली पेटंटचा कायदा पुन्हा बदलून औषधावरच मक्ता द्यावा लागला. पण २०१२ च्या मार्चमध्ये, यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या कॅन्सरवरचं एक औषध, जे महिन्याला सुमारे २ लाख ८० हजाराला पडत होतं, ते दुसऱ्या कंपनीला बनवायला परवानगी दिली आणि भाव ८,८८० वर आला. २०१७ च्या फेब्रुवारीत हृदयाच्या स्टेंटचे भाव बांधले. जे लाख-सव्वा लाखाला घालत होते ते २९,६०० वर आलं, आणि साधं स्टेंट ७,२६० वर. कारखाने बंद पडले नाहीत, ऑपरेशनंही थांबली नाहीत.

क्षयाचंही तसंच. ज्या रोगानं माझ्या चुलतीचा गळा मोकळा केला, त्याची औषधं आज सरकारी दवाखान्यातून पूर्ण मुदतीची फुकट मिळतात, वर खाण्यापिण्याला महिन्याला पैसे रोग्याच्या खात्यावर येतात. २०१८ ला ५०० सुरू झाले, आता १,००० आहेत. आमच्या गावात गेल्या वर्षी एक पोरगा त्यावर बरा झाला. त्याच्या घरातला एक मणी हलला नाही. मग क्षयाला जे जमलं ते बीपी-शुगरला का जमू नये?

थोडं जमतंयही, ते नाकारून चालणार नाही. आशा ताई घरोघरी येतात, बीपी मोजायला बोलावतात. आरोग्य केंद्रात गोळ्या फुकट मिळतात. अडचण एवढीच की त्या असतात तेव्हा मिळतात. एका महिन्यात आहेत, पुढच्या महिन्यात संपल्या, मग विकतच्या घ्या, मग पुन्हा आल्या. रोजच्या गोळीला असं चालत नाही. आमची मागणी फार मोठी नाही. बीपी-शुगरच्या आणि हृदयाच्या गोळ्या तीन महिन्यांच्या एकदम द्या आणि कुठली गोळी शिल्लक आहे ते केंद्राच्या फळ्यावर मराठीत लिहा. आम्ही रेशनच्या दुकानात साखर आली का ते फळ्यावर वाचत मोठे झालो, गोळीही वाचू.

तोवर आपल्या हातात आहे ते करावं लागतं. २००८ पासून सरकारची जनऔषधी दुकानं निघाली, आमच्या तालुक्यालाही एक आहे. तिथं कंपनीच्या नावाचं नाही, मूळ औषधाच्या नावाचं पाकीट मिळतं. दहावीपर्यंतचं माझं इंग्रजी शेतात कधी कामाला आलं नाही, ते इथं आलं. पाकिटावर मोठ्या अक्षरात कंपनीनं ठेवलेलं नाव असतं, ते सोडायचं. खाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव आणि मिलिग्रॅम असतात, ते वाचायचं. डॉक्टरांना विचारून, त्यांनी हो म्हटल्यावरच आम्ही नवरा-बायकोनं तिथल्या गोळ्या सुरू केल्या. आधी दोघांचा महिना २,१४० रुपयांचा होता, आता ५८० चा आहे. शुगर पहिल्यासारखीच ताब्यात आहे, दर तीन महिन्यांनी तपासतो आणि वहीत लिहितो. स्वस्त म्हणजे हलकं, असं गावातल्या पुष्कळांना वाटतं. औषधाचा दर्जा सरकारनं कडक तपासलाच पाहिजे, महागाचाही आणि स्वस्ताचाही. पण भाव बघून दर्जा ठरवायचा असता तर आमची ज्वारी हलकी म्हणावी लागेल.

पाच वर्षांमागं आळीतल्या आम्ही अकरा जणांनी एक ठरवलं. तालुक्याला जायचं-यायचं येष्टीचं भाडं आणि एक रोज बुडतो, म्हणून पुष्कळ जण जवळच्या मेडिकलातून महाग घ्यायचे. आता प्रत्येकानं आपली चिठ्ठी आणि पैसे एका पिशवीत घालायचे, आणि एकानं जाऊन सगळ्यांच्या गोळ्या आणायच्या. पैसे कमी पडले तर त्यातूनच भागवायचं, दुधाच्या पगाराला परत करायचे. कुणाची चिठ्ठी आली नाही तर त्याच्या घरी जाऊन विचारायचं, का आली नाही. हा शेवटचा नियम वहिनीनं घालायला लावला.

२०२२ पासून येष्टीत पंच्याहत्तरीच्या पुढं तिकीट लागत नाही. तेव्हापासून पाळी मोडली आणि हे काम आळीतल्या सगळ्यांत थोरल्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बापूंकडं गेलं. बापूंना वाचता येत नाही. प्रत्येक चिठ्ठीला टाचणीनं पैसे लावून देतो, दुकानातला पोरगा तशाच अकरा पुड्या बांधून देतो. महिन्याच्या पाच तारखेला सकाळच्या गाडीनं बापू जातात, दुपारच्या गाडीनं येतात, आणि संध्याकाळी दारोदार फिरून ज्याची त्याची पुडी देतात. चहा प्रत्येक घरी घ्यावा लागतो. त्यांना शुगर आहे, म्हणून बिनसाखरेचा.